शेताचा गट आणि पाण्याची वाट



रोवणी आटोपली. निंदणाला हात लागायला अजून चार-दोन दिवस आहेत, म्हणून बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळत असलेला विषय लिहून काढतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आजकाल कोणी शेताची चौकशी केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रोडपासून किती लांब आहे जी?" माझ्या आजाच्या काळी पहिला प्रश्न वेगळा असायचा. पाणी कोणत्या तलावाचं, आणि बांधी पाटाच्या तोंडाशी की शेपटाकडं? शेताची किंमत त्यावर ठरायची. या दोन प्रश्नांच्या मधात दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे. शहराजवळची शेती कशी वाचवायची याचं उत्तर मला तरी त्या इतिहासातच दिसते.

आमच्या एकोडीला कोणत्या मोठ्या शहराची हद्द लागलेली नाही. पण साकोली वाढून राहिली, लाखनी वाढून राहिली, भंडारा पसरून राहिला. नागपूर-रायपूर महामार्ग चौपदरी झाल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगाला मुरमाचे ढीग आणि प्लॉटच्या पाट्या उभ्या झाल्या. तिकडून नागपूरही येतेच आहे. २०१७ साली नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झालं, त्याच्या क्षेत्रात मौदा आलं, आणि मौदा ओलांडलं की आपला जिल्हा. म्हणजे हा प्रश्न पुण्या-मुंबईचा म्हणून सोडून देता येत नाही.

तलाव आधी, शेत नंतर

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, तोवर तर आपण एकच होतो. पूर्व विदर्भात मिळून जवळपास सात हजार मालगुजारी तलाव मोजले जातात. यातले पुष्कळ गोंड राजांच्या काळात आणि पुढं भोसल्यांच्या काळात बांधले गेले. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे लोक. नवेगाव बांधचं नाव निघालं की आजही लोक कोलू पाटील कोहळीचं नाव घेतात. आपल्या साकोली तालुक्यातला शिवनीबांधही त्याच परंपरेतला.

या लोकांनी काय केलं ते समजून घ्या. आपल्याकडं वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडते, पण तो चार महिन्यांत, आणि त्यातही खंड पडते. धान निसवायच्या वेळेला नेमकं आभाळ कोरडं. म्हणून उतार पाहून पाळ टाकली, तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार बसवलं, जास्तीचं पाणी जायला सांडवा ठेवला. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला भरते, खालच्याचा त्याच्या खालच्या बोडीला. पाळीखालच्या जमिनीत बांध्या पाडल्या. पाटाचं पाणी पहिल्या बांधीत, तिथून धुरा कापून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. इंजिन नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर सारं चालते.

यातून एक गोष्ट निघते, आणि ती या पोस्टचा गाभा आहे. धानाची बांधी एकटी नसते. वरची बांधी, खालची बांधी, पाट, तुडूम, पाळ, सांडवा आणि तलावात पाणी आणणारा नाला हे सारं मिळून एक शेत होते. सातबाऱ्यावर त्याचे पन्नास गट दिसतील, मालक चाळीस असतील, पण पाण्याच्या हिशेबानं ते एकच.

कागदावर आलेली रीत

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. पुढं १८६० च्या दशकातल्या जमीनबंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी दिली गेली. मालगुजारी काही सोन्याचा काळ नव्हता, हे सांगायला पाहिजे. वेठबिगार होती, तोंडाजवळच्या चांगल्या बांध्या बहुतेक मालगुजाराच्याच असत, शेपटाकडचा कास्तकार पाण्याची वाट पाहात बसायचा. पण तलावाची पाळ फुटली तर मालगुजाराचाही धान बुडायचा. म्हणून दुरुस्ती व्हायची. गावाचा पाणकर असायचा, तो पाळीनं पाणी फिरवायचा आणि त्याला मोबदला धानात मिळायचा.

या बंदोबस्तात एक कागद तयार व्हायचा, त्याचं नाव वाजिब-उल-अर्ज. गावाच्या रिती त्यात लिहिलेल्या असत. पाणी कोणत्या वाटेनं जाते, कोणाच्या शेतातून कोणाला जायची वाट आहे, मासे कोणी धरायचे. सोबत निस्तारपत्रक, म्हणजे सरपण, चराई, पाणी अशा गावाच्या सामाईक हक्कांची नोंद. शेताच्या नकाशात फक्त हद्दी असतात. या दोन कागदांत हद्दी ओलांडून जाणाऱ्या गोष्टी आहेत, म्हणून ते महत्त्वाचे.

मालगुजारी गेली ती ३१ मार्च १९५१ ला, मध्य प्रदेशाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानं. कास्तकाराच्या दृष्टीनं ते योग्यच झालं. पण त्याच कायद्यानं तलावही सरकारजमा झाले. पुढं वाटणी अशी झाली की शंभर हेक्टरपर्यंत ओलित करणारे तलाव जिल्हा परिषदेकडं, त्याहून मोठे राज्याच्या पाटबंधारे खात्याकडं. पाळ एका खात्याची, तलावात वाढलेलं अतिक्रमण महसूलचं, मासे सोसायटीचे, पाट कोणाचाच नाही. पाणकर गावोगाव बंद झाले. गाळ साचला, बेशरम वाढली, तुडूम गळायला लागले.

कायदा गट पाहते

आता दुसऱ्या बाजूचा इतिहास. जमिनीचे तुकडे होऊ नयेत ही चिंता नवीन नाही. मध्य प्रांतात १९२८ सालीच एकत्रीकरणाचा कायदा झाला होता, तो आपल्या शेजारच्या छत्तीसगडसाठी. मुंबई इलाख्यात १९४७ ला तुकडेबंदीचा कायदा आला आणि महाराष्ट्र झाल्यावर तोच आपल्याकडंही चालला. नियम सोपा होता. ठरवलेल्या प्रमाण क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायचा नाही, विकायचाच तर लागून असलेल्या शेतकऱ्याला. म्हणजे तुकडा शेतीतच राहावा.

१९६६ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली. शेतजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची तर कलम ४२ आणि ४४ खाली अकृषक परवानगी, आपल्या भाषेत एनए. त्याच वर्षी प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा झाला आणि शेती क्षेत्र, रहिवासी क्षेत्र असे नकाशे रंगवायला सुरुवात झाली.

पुढची पन्नास वर्षं या कुंपणाला भगदाडं पडत गेली. २०१४ पासून संहितेत सुधारणा होत गेल्या. विकास आराखड्यात रहिवासी दाखवलेल्या जमिनीला वेगळी एनए परवानगी लागत नाही, नुसता कर भरायचा. नंतर गावठाणापासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीलाही तशीच सवलत मिळाली. तुकडेबंदीत २०१७ मध्ये जुने बेकायदा तुकडे बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत शुल्क भरून नियमित करायची सोय झाली. मग ते ५ टक्क्यांवर आलं, आणि २०२५ मध्ये शुल्काशिवायच नियमित करायचा निर्णय झाला. मधात २०२३ ला बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाण क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवलं गेलं.

यात सरकारला नुसती शिवी देऊन भागत नाही. गुंठा घेणारा माणूस बहुतेक गरीबच असते. गावातून कामाला आलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा. आणि विकणाराही हौसेनं विकत नाही. पोरीचं लग्न, दवाखाना, सोसायटीचं कर्ज यापायी विकते. मला खुपते ती दुसरीच गोष्ट. या साऱ्या कायद्यांत तपासणी एका गटाची होते. रस्ता किती फुटाचा, मोकळी जागा किती, नकाशा मंजूर आहे का. खालच्या वीस गटांना पाणी या गटातून जाते का, हा प्रश्न त्या फॉर्मात ठळकपणे कुठं दिसत नाही. वाजिब-उल-अर्जानं जे पाहिलं होतं ते एनएच्या कागदानं पाहिलं नाही.

नागपूरनं दाखवलेलं

याचं पुढं काय होते ते पाहायला लांब जायला नको. नागपुरात '५७२ ले-आऊट' आणि '१९०० ले-आऊट' हे शब्द रिक्षावाल्यालाही माहीत आहेत. परवानगी न घेता शेतं कापून पाडलेल्या ले-आऊटांच्या या याद्या. आधी लोक राहायला आले, नाली-रस्ता-पाणी मागून. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा करावा लागला. एकेक गट सुटा सुटा विकला गेला आणि पाण्याच्या जुन्या वाटा घरांखाली गेल्या. नाईक तलाव, लेंडी तलाव अतिक्रमणानं आकसले.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या मुसळधार पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत माणूसभर पाणी शिरलं. तलाव भोसल्यांच्या काळचा. सांडव्यातून निघालेलं पाणी आपली जुनी वाट शोधत गेलं, वाटेत माणसं राहात होती. आणि हो, तीच नाग नदी पुढं कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. शहराचं सांडपाणी गोसेखुर्दच्या पाण्यात येते. शहर रस्त्यानंच येते असं नाही, नदीनंही येते.

ले-आऊटनं बांधीचं काय होते

आता आपल्याकडचं. धानाची बांधी सखल असते, म्हणून प्लॉट पाडणारा आधी दोन-तीन फूट मुरूम टाकते. मुरूम टाकला की तीन गोष्टी होतात. वरून येणारं पाणी अडते आणि वरच्या बांधीत तुंबते. खालच्या बांधीला मिळणारं पाणी तुटते. आणि रस्त्यासाठी पाट बुजला तर शेपटापर्यंतची सारी जमीन एका फटक्यात कोरडवाहू होते. विकली जाते दोन एकर, ओलित जाते वीस एकराचं. मग त्या वीस एकरवाल्याला दलाल येऊन म्हणते, "काकाजी, धान तर होत नाही, ठेवून काय करता?" असं करत करत सारी पाळीखालची जमीन जाते. माझ्या मते शहराजवळची शेती भावाच्या मोहापेक्षा जास्त या रीतीनं मरते.

मीही हे भोगून राहिलो. माझ्या खालच्या दोन बांध्यांच्या वर एका ले-आऊटवाल्यानं पाटावर रस्ता घातला. आम्ही खालचे पाच कास्तकार मिळून तहसीलमध्ये गेलो, मोक्यावर पाहणी झाली, आणि रस्त्याखाली एक पाईप टाकून मिळाला. पाईप टाकला तो एक फुटाचा. पहिल्याच पावसात तो पन्नी आणि गाळानं चोंदला. दर आठ दिवसांनी आम्ही बांबू घालून मोकळा करतो. पाच घरचं दोन वेळचं अन्न त्या एका फुटाच्या पाईपावर आहे. आता बाजूचा गटही विकायला निघाला असं ऐकतो, म्हणून हे लिहायची घाई.

दुसऱ्यांनी काय केलं

पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी वेगळी वाट काढली. शहर दारात आलं होतं. सतीश मगर यांच्या पुढाकारानं सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी चारशे एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात हिस्से घेतले आणि २००० च्या सुमारास नगर उभारायला सुरुवात केली. कोणी एकट्यानं तुकडा विकला नाही. शेतकरी मालक राहिला, हे मोठंच. पण ऊस गेला तो गेलाच. तिथं शेतकरी वाचला, शेत नाही. तरी आपल्यासाठी धडा आहे. एकट्या गटाला भाव नसते, जुटीला असते.

जपानही धान पिकवणारा देश. तिथं १९७४ मध्ये शहरातल्या शेतजमिनीसाठी कायदा झाला आणि १९९१ मध्ये तो पक्का केला. शेतकऱ्यानं लिहून द्यायचं की तीस वर्षं इथं शेतीच करीन, आणि बदल्यात त्याला घराच्या जागेचा भारी कर न लागता शेतीचा कमी कर लागणार. किमान क्षेत्र ५०० चौरस मीटर, म्हणजे आपले पाच गुंठे! २०१७ च्या सुधारणेनं ते ३०० पर्यंत खाली आणायची मुभा दिली. आपल्याकडं पाच गुंठे म्हटलं की प्लॉटच आठवते. तिथं शहराच्या पोटात पाच गुंठे शेत म्हणून जपलं जाते, कारण पूर-भूकंपात तेवढी मोकळी जमीनच कामी येते हे त्यांना कळलं. आणि जपायची सारी जबाबदारी त्यांनी शेतकऱ्याच्या भावनेवर टाकली नाही, त्याचा खर्च करातून सोसला. आपल्याकडं २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बहुपीक ओलिताची जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी असं लिहिलं आहे, पण ते सरकारच्या संपादनापुरतं. खाजगी विक्रीला ते लागत नाही.

जमीन कामाची राहिली तरच राहील

नुसतं 'विकू नका' म्हणून काही होत नाही. बांधीतून घर चाललं पाहिजे. शहर जवळ आलं तर त्याचा फायदाही आहे, खाणारी तोंडं जवळ आली. धान निघाल्यावर ओलीवर लाखोळी, जवस, हरभरा हे आपलं जुनंच. रस्त्याजवळच्या बांधीच्या धुऱ्यावर तूर, वाल, आणि हिवाळ्यात एका कोपऱ्यात वांगी, मेथी, सांभार केला तर साकोलीच्या बाजारात सकाळी नेऊन दुपारी घरी येता येते. तलावात ढिवर भावांचे मासे आणि शिंगाडा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावाचा गाळ बरड जमिनीवर टाकता येते, तलावही खोल होते. पण यातली प्रत्येक गोष्ट पाटात पाणी असेल तरच. म्हणून पुन्हा तिथंच येतो.

मग करायचं काय

एक. जमीन महसूल संहितेत खास विदर्भासाठी एक प्रकरण आहे. त्यात कलम १६१ खाली निस्तारपत्रक आणि कलम १६५ खाली वाजिब-उल-अर्ज. दुसऱ्याच्या जमिनीतून ओलिताचा आणि वाटेचा जो रिवाज आहे तो त्यात नोंदवलेला असते. मालगुजारी गेली, पण हे कागद कायद्यात जिवंत आहेत. तहसीलच्या अभिलेख कक्षातून आपल्या गावची नक्कल काढा. वकिलाकडं जायच्या आधी हे करा.

दोन. तलावापासून शेपटापर्यंत पाट कोणकोणत्या गटांतून जाते याची यादी म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन करा. जुन्या पाणकराच्या घरचं कोणी असेल तर त्याला आधी बोलवा. ती यादी ग्रामसभेत ठेवून ठरावात घ्या. पुढं कोणी एनएला गेलं की हा ठराव दाखवता येते.

तीन. पाट किंवा पाण्याची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. "पाहू पुढच्या वर्षी" म्हटलं की मुदत गेली. फोटो काढून ठेवा, तारीख लिहून ठेवा.

चार. कोणाला विकायचंच असेल तर त्याला अडवू नका, त्याची अडचण त्यालाच माहीत. फक्त एवढं म्हणा की भाऊ, रजिस्ट्रीत लिहून घे, पाट मोकळा राहील आणि मोरी एवढ्या मापाची राहील. विकणाऱ्याचं यात काही जात नाही, खालच्यांचं सारं वाचते.

कोहळ्यांनी तलाव बांधले तेव्हा त्यांच्याजवळ सातबारा नव्हता, उतार ओळखायची नजर होती. आपल्याजवळ सातबारा आहे, नकाशा आहे, मोबाईलवर गट दिसते. त्या नकाशावर पाण्याची रेघ तेवढी ओढायची राहिली आहे. साकोलीकडून मुरमाचा ट्रक गावात येण्याआधी ती ओढली गेली पाहिजे.

तुमच्या गावात पाणकर होता का? त्याला मोबदला कसा मिळायचा, पाळी कशी लागायची? घरच्या म्हाताऱ्यांना विचारून कळवा. मी गावागावाचं लिहून ठेवून राहिलो.